समुद्राचा दस्तरखान

आनंद घ्यावा की नाही, हा प्रश्न सहसा कोणी उघडपणे विचारत नाही. विचारले जाते ते वेगळेच : "एवढा खर्च कशाला?" दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की आमच्या संत तुकाराम नगरात आणि एकूणच पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, दापोली ही नावे निघू लागतात. कोणी वल्लभनगरच्या एसटी स्थानकावर गाडीची चौकशी करतो, कोणी चार घरे मिळून गाडी ठरवतो. ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा आणि पुढे श्रीवर्धन. खोली किती, जेवणाचे किती, मासळीचे ताट किती, असा हिशेब सुरू होतो आणि घरातले एखादे वडीलधारे माणूस म्हणते, "पैसा पाण्यात घालायला इतक्या लांब कशाला जायचे?"

या वाक्यावर तरुण मुले हसतात आणि विषय संपतो. पण तो इतक्या सहज संपवू नये असे आम्हाला वाटते. त्या वाक्यामागे एक सबंध पिढीचे आयुष्य आहे. शिवाय त्यात दडलेला प्रश्न नैतिक आहे आणि धार्मिकही आहे. कष्टाने मिळालेला पैसा केवळ आनंदासाठी खर्च करणे योग्य की अयोग्य? योग्य असेल तर कुठवर? आणि त्या आनंदाचा हिशेब कोणाला द्यायचा?

आधी ती पिढी समजून घेऊ. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे तेव्हाची टेल्को, आकुर्डीचा बजाजचा कारखाना आणि एमआयडीसीचे लहानमोठे शेकडो कारखाने आले. या कारखान्यांच्या ओढीने सोलापूर, लातूर, उस्मानाबाद, नगर, सातारा इथून माणसे आली. कोकणातूनही आली. त्यांत आपलीही माणसे होती. दहा बाय दहाच्या खोलीत चार-चार जण राहिले. तिन्ही पाळ्यांत काम केले, गावी मनीऑर्डर पाठवली, बहिणींची लग्ने केली. त्यांच्या लेखी सुट्टी म्हणजे गावी जाणे, लग्नाला जाणे, फार तर एखाद्या दर्ग्याच्या उरुसाला जाणे. 'फिरायला जाणे' हे त्यांच्या आयुष्याचे क्रियापदच नव्हते. त्यांच्या काटकसरीवर आपली घरे उभी आहेत. तेव्हा त्यांचा प्रश्न कंजुषीचा समजणे हा अन्याय होईल. एका बाजूला कष्ट आणि दुसऱ्या बाजूला समुद्राकाठी दोन दिवस, या दोन्हींचे मोल एका तराजूत कसे करायचे, असे ते विचारीत असतात.

आता आपल्या विश्रांतीचे स्वरूप पाहू. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बाहेरगावच्या पाहुण्याला याचे नवल वाटते. रविवार नाही, शुक्रवार नाही, गुरुवार का? विजेवर एकाच दिवशी ताण येऊ नये म्हणून निरनिराळ्या औद्योगिक भागांना निरनिराळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. म्हणजे आमच्या विश्रांतीचा दिवस पंचांगाने ठरवला नाही, जुम्म्याने ठरवला नाही, घरच्या माणसांच्या सोयीनेही ठरवला नाही. तो विजेच्या भाराने ठरवला. मुलांची शाळा रविवारी बंद, बापाचा कारखाना गुरुवारी बंद. अनेक घरांत बाप आणि मुले यांची सुट्टी वर्षातून मोजक्या दिवशीच एकत्र येते.

यातून विश्रांतीविषयीची एक कल्पना नकळत आपल्या मनात रुजली आहे. यंत्राला तेलपाणी लागते म्हणून ते थांबवायचे आणि माणूस उद्या पुन्हा कामाला यावा म्हणून आज त्याने झोपायचे. अशा हिशेबात विश्रांतीला स्वतःचे मोल नसते. तिचे मोल उद्याच्या कामातून येते. मग समुद्र पाहणे, वाळूत अनवाणी चालणे, पोट भरल्यानंतरही गप्पा मारीत बसणे यांचा उपयोग काय, असा प्रश्न पडणारच. यंत्राला समुद्र पाहून काही फायदा होत नाही.

इस्लामची दृष्टी याबाबत काय आहे? आपल्याकडे शुक्रवार हा पवित्र दिवस, पण तो संपूर्ण दिवस काम बंद ठेवण्याचा दिवस नाही. अजान झाली की व्यवहार सोडून नमाजकडे या आणि नमाज संपली की पृथ्वीवर पांगून अल्लाहचा फज्ल शोधा, असा कुरआनचा आदेश आहे. आकाश आणि पृथ्वी निर्माण करून अल्लाह थकला नाही, हेही कुरआन स्पष्ट करते. थकणे हा माणसाचा धर्म आहे. म्हणूनच झोप ही विश्रांतीसाठी, रात्र ही पांघरुणासारखी आणि दिवस रोजीरोटीसाठी केला, असे सांगितले आहे. म्हणजे विश्रांती ही कामचुकारपणाची सवलत नाही. दिवस-रात्र, चंद्र-सूर्य यांच्या रांगेत बसणारी ती एक देणगी आहे. देणगी स्वीकारताना माणूस शुक्र अदा करतो. यंत्राच्या तेलपाण्यासाठी कोणी शुक्र अदा करीत नाही.

तरीही मनात शंका राहते. विश्रांती ठीक, पण खेळ, मौज, लाटांत उड्या मारणे? हजरत हंजला यांचा प्रसंग या संदर्भात आठवावा. पैगंबरांच्या सहवासात असताना आखिरत डोळ्यांसमोर दिसते आणि घरी बायकामुलांत गेल्यावर तो भाव टिकत नाही, तेव्हा आपण ढोंगी तर नाही ना, अशी त्यांना धास्ती वाटली. पैगंबरांनी त्यांची समजूत घातली की एक वेळ याची असते, एक वेळ त्याची असते. ईदच्या दिवशी मशिदीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते तेव्हा पैगंबरांनी हजरत आयेशांना तो खेळ, त्यांचे मन भरेपर्यंत, पाहू दिला, हेही हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. खेळाकडे संशयाने पाहणारी धार्मिकता ही काही फक्त आपल्याकडेच आढळते असे नाही. लाटेवर फळी टाकून उभे राहण्याचा खेळ हवाई बेटांवर फार जुना. एकोणिसाव्या शतकात तिथे गेलेल्या अनेक ख्रिस्ती धर्मप्रचारकांना तो निव्वळ रिकामटेकडेपणा वाटे. त्या शतकाच्या अखेरीस तो खेळ जवळजवळ लोपला होता. विसाव्या शतकात ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने तो जगभर नेला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला. आज आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरजवळच्या मुल्कीला, मुले हा खेळ शिकतात. तो खेळणारा लाटेशी झगडत नाही. तिची वाट पाहतो, ती आली की तिच्या चालीने चालतो आणि पडला तर पुन्हा फळी घेऊन आत जातो. सब्र आणि तवक्कुल यांवर वर्षानुवर्षे प्रवचने ऐकणाऱ्यांना यात काही ओळखीचे दिसू नये काय?

पण आपल्या किनाऱ्यावर आपल्या कुटुंबांचे जे चित्र दिसते त्यात एक गोष्ट खटकते. पुरुष आणि मुले पाण्यात असतात. बायका काठावर उभ्या असतात. हातात सगळ्यांच्या चपला, खांद्यावर टॉवेल, पायाशी पिशव्या. पाच तासांचा प्रवास करून समुद्रापर्यंत आलेल्या त्या बाईच्या वाट्याला चपलांची राखण येते. पडदा ही तिची श्रद्धा असेल तर तिचा आदर केलाच पाहिजे. पण सकाळी लवकर, गर्दी नसताना, आपल्या कपड्यांनिशी घोटाभर पाण्यात उभे राहायला कोणत्या शरीयतची हरकत आहे? आणि चपला तर नवऱ्यालाही सांभाळता येतात. पैगंबरांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या आणि पुढे एकदा पैगंबर जिंकले, ही हकिगत आपण मुलांना कौतुकाने सांगतो. सांगून झाल्यावर तिचा अर्थ मात्र किनाऱ्यावर विसरतो.

बाहेर जेवण्याचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. सहलीला निघताना अनेक घरांत ठरते की बाहेर खायचे नाही. डेगची, शेगडी, तांदूळ, मसाला सगळे बरोबर घ्यायचे आणि समुद्राकाठी सुरूच्या बनात बिर्याणी शिजवायची. स्वस्त पडते, हलालची खात्री असते, चवही घरची. यातली मजा आम्ही नाकारीत नाही. पण ही काटकसर कोणाच्या जिवावर होते? कांदा तिथेही तीच कापते, धूर तिथेही तीच खाते आणि वाळूने भांडी तिथेही तीच घासते. घरचा ओटा उचलून समुद्राकाठी ठेवला, एवढाच तिच्यापुरता फरक. पुरुषाचा साधेपणा पुष्कळदा घरातल्या बाईच्या कष्टावर उभा असतो. खर्च वाचला असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणीतरी दुसऱ्या चलनात भरलेला असतो. जी बाई वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस दुसऱ्यांना वाढते, तिच्यासमोर कोणीतरी गरम भाकरी आणून ठेवणे, ही तिच्या आयुष्यातली खरी सुट्टी. त्या एका ताटाची किंमत हॉटेलच्या बिलावरून ठरवता येत नाही.

हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांची कथा बुखारी शरीफमध्ये आहे. सलमान आपल्या या भावासारख्या मित्राच्या घरी गेले. त्यांचे लक्ष सर्वप्रथम गेले ते त्याच्या पत्नीकडे. तिचे कपडे साधे, मळके, चेहरा उदास. विचारले तेव्हा कळले की अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री इबादत यांत गढलेले असतात, त्यांना या जगाशी काही देणेघेणे उरलेले नाही. सलमान यांनी मित्राला बजावले की तुझ्या रबचा तुझ्यावर हक आहे, तसाच तुझ्या जिवाचा आणि तुझ्या घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला हक दे. पैगंबरांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. या कथेत आनंद हा 'हक' म्हणून येतो, ही गोष्ट फार मोलाची आहे. हक म्हटला की तो देण्याची जबाबदारी आली. घरच्यांना वर्षातून दोन दिवस मोकळी हवा देणे हा उपकार ठरत नाही, ते देणे ठरते. आणि इबादतीच्या नावाखाली जर हे देणे टाळता येत नसेल, तर काटकसरीच्या नावाखाली ते कसे टाळता येईल?

आता प्रत्यक्ष ताटाकडे वळू. कुरआनच्या पाचव्या सुरेचे नाव अल-माइदा, म्हणजे वाढलेला दस्तरखान. समुद्राची शिकार आणि त्याचे अन्न तुमच्यासाठी आणि प्रवाशांसाठी हलाल केले, हा आदेश याच सुरेत आहे. प्रवाशांचा वेगळा उल्लेख वाचताना मन हरखते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या वाक्यात ताम्हिणी घाट उतरून आलेले आपणही बसतो. मासळीला जबह करावे लागत नाही. म्हणजे कोंबडी-बकऱ्याच्या बाबतीत 'कोणी कापले?' हा जो प्रश्न आपल्याला परक्या दारात अडवतो, तो समुद्राच्या ताटावर उरतच नाही. बांगडा कोळ्याने धरलेला असो, दालदी मुसलमानाने धरलेला असो, रांधणारी कोणत्याही जातीची असो, स्वयंपाकात मना केलेले काही मिसळले नसेल तर तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण आणि सोलकढी सगळ्यांना सारखीच चालते. एका ताटावर इतक्या जातीधर्मांना बसवणारे दुसरे अन्न महाराष्ट्रात शोधून सापडणे कठीण.

गंमत अशी की भेद उरतो तो आपल्या आपल्यांतच. कोकणी मुसलमान शाफई, घाटावरचे आपण बहुतेक हनफी. शाफईंना तिसऱ्या, कालवे निःशंक चालतात. हनफी मताप्रमाणे समुद्रातली फक्त मासळी हलाल, शिंपल्यातले जीव नाहीत आणि कोळंबीला मासळी म्हणायचे की नाही यावर उलेमांतच दोन मते. श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या एखाद्या कोकणी घरात पुण्याकडचे पाहुणे जेवायला बसतात, यजमानीण प्रेमाने तिसऱ्यांचे सुके पुढे करते आणि पाहुणे अवघडतात. अशा वेळी कोणी वाद घालीत नाही. यजमानीण हसून सुरमईचा तुकडा वाढते, पाहुणा तिच्या पानातल्या तिसऱ्यांना नाव ठेवीत नाही. 'माझ्यासाठी नाही, पण तुझ्यासाठी बरोबर' हे वाक्य त्या दस्तरखानावर न बोलता दोन्ही बाजूंनी पाळले जाते. मतभेद असूनही एका पंगतीत जेवता येते, याचा इतका सोपा धडा आपल्याला मोठमोठ्या परिषदांतून मिळालेला नाही. हीच वागणूक आपण मसलकांच्या, पंथांच्या भांडणात का दाखवू शकत नाही, याचा विचार जेवून उठताना करावा.

या दस्तरखानाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. किनाऱ्यावर खोली शोधताना नाव सांगितले की काही ठिकाणी अचानक सगळ्या खोल्या भरतात. फोनवर 'या, या' म्हणणारा माणूस नाव ऐकून 'बघून सांगतो' म्हणतो. हा अनुभव आमच्यातल्या अनेकांना आहे. त्याचे दुःख असे की अपमान कोणी उघड करीत नाही, त्यामुळे जाबही विचारता येत नाही. मुले मागच्या सीटवर बसून सगळे ऐकत असतात. त्याच वेळी हेही तितकेच खरे की नावाची चौकशी न करता दार उघडणारी, 'नमाजला जागा हवी का' असे स्वतःहून विचारणारी, सुपारीच्या वाडीत चटई टाकून देणारी हिंदू घरेही याच किनाऱ्यावर आहेत. एका दाराच्या अनुभवावरून सबंध गावाचा न्याय करू नये. आणि एक प्रश्न स्वतःलाही विचारावा. आपल्या वस्तीत, आपल्या इमारतीत भाड्याने घर मागायला परका माणूस येतो तेव्हा आपण त्याला काय विचारतो? मेहमाननवाजी ही मागण्याची गोष्ट नव्हे, ती आधी देण्याची गोष्ट आहे.

आपल्या सुट्टीचा दिवस हा किनाऱ्यावर कोणाच्या तरी कामाचा दिवस असतो, हे आपण सहज विसरतो. चुलीपुढे बसून एकामागून एक भाकऱ्या थापणारी बाई, टेबल पुसणारा पोरगा, घोडागाडीवाला, शहाळी सोलणारा. आपण कारखान्यातली माणसे. पाळी संपायला दहा मिनिटे उरली असताना साहेबाने नवे काम अंगावर टाकले की काय वाटते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. तरीही ताटाला उशीर झाला की आपलाच आवाज साहेबासारखा होतो. सेवकाने जेवण करून पुढे आणले तर त्याला आपल्याबरोबर बसवा, ते जमत नसेल तर निदान त्यातला एक-दोन घास त्याच्या हातावर ठेवा, कारण त्या अन्नाची धग आणि कष्ट त्याने सोसलेले आहेत, अशी पैगंबरांची शिकवण आहे. अन्नाचे मोल द्यायचे, पण त्या धगीची जाणीवही ठेवायची, असा दुहेरी हिशेब यात आहे. पैसे दिले म्हणजे देणे फिटले, ही बाजारातली समजूत इथे अपुरी ठरते.

या माणसांचे हाल काय असतात तेही ठाऊक असावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यावर उत्पन्न हाती यायला कित्येक वर्षे जातात. म्हणजे एका दुपारच्या वाऱ्याने पुढच्या कित्येक वर्षांची कमाई नेली. तो काळ कोरोनाचा, पर्यटकही बंद. त्यानंतर ज्या घरांनी खोल्या सारवून, पत्रे बदलून पुन्हा पाहुणे घेतले, त्यांच्याशी शंभर रुपयांसाठी घासाघीस करताना जीभ जरा अडखळायला हवी. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. जून-जुलैत गेलो आणि ताजे पापलेट नाही म्हणून कुरकुर केली, तर ती कुरकुर समुद्राच्या वीणीच्या हंगामाविरुद्ध असते.

आणि स्वतः समुद्र? तो कोणाचा? पाणी, गवत आणि आग यांत सगळ्यांचा वाटा आहे, अशी हदीस आहे. हीच कल्पना वेगळ्या भाषेत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मांडली. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका हॉटेलचा तो खटला होता. समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगल ही सर्व जनतेची ठेव आहे आणि शासन तिचे केवळ विश्वस्त आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी १९९१ मध्ये किनाऱ्यावरच्या बांधकामांना आवर घालणारी केंद्राची अधिसूचना निघालेली होती. विश्वस्त हा शब्द आपल्याला परका नाही. आपल्याकडे त्याला अमानत म्हणतात. अमानतीचा उपभोग घेता येतो, तिची नासाडी करता येत नाही. वाटेतला काटा बाजूला करणे हाही ईमानचा भाग आहे, हे आपण मदरशात शिकतो. मग वाळूत फुटलेली बाटली, लाटेबरोबर परत येणारी प्लास्टिकची पिशवी, जेवणानंतर मागे टाकलेल्या पत्रावळी यांचे काय? उद्या तिथे अनवाणी येणारे मूल कोणाचे आहे हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून तर ती अमानत.

समुद्राचाही एक हक आहे आणि तो न ओळखण्याची किंमत फार मोठी असते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. त्यांत अनेक आपल्या समाजातली, नुकती शिकू लागलेली मुले-मुली होती. त्या रात्री पुण्यात कितीतरी घरांत चूल पेटली नाही. स्थानिक मच्छीमार, पोलीस, तटरक्षक दल शोध घेत होते. त्या घटनेनंतर अनेक घरांनी मुलांना समुद्रावर पाठवणेच बंद केले. दुःखातून आलेली ती भीती समजण्यासारखी आहे. पण बंदीने मुले सुरक्षित होत नाहीत, ज्ञानाने होतात. आपला हिजरी महिना चांद्र आहे. त्यामुळे चाँद दिसतो त्याच्या आगेमागे आणि चौदहवीच्या आसपास समुद्राला उधाण असते, हे आपल्या मुलांना घरातल्या कॅलेंडरवरूनच शिकवता येईल. भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते आणि रोज ती वेळ पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, हेही सांगता येईल. पण तेवढ्यावर विसंबू नये. २०१६ चा तो दिवस उधाणाचा नव्हता, वद्य अष्टमीच्या आसपासचा होता. म्हणजे पाणी कमी चढते त्या दिवसांतही ओढ असते, खड्डे असतात. म्हणून शेवटचा शब्द स्थानिक माणसाचा. काठावर जाळे विणीत बसलेला म्हातारा 'आज आत जाऊ नका' म्हणाला, तर पाचशे रुपयांची खोली आणि वर्षाची सुट्टी विसरून मागे फिरावे. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरोसा ठेव, ही शिकवण पाण्यालाही लागू आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असे कुरआन सांगते. त्याच्या लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा आणि चांगली चीजवस्तू कोणी हराम ठरवली, असेही विचारते. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत. एक हातात धरून दुसरे सोडणे हा आपला आवडता उद्योग. आनंदाला नावे ठेवणारा पहिले वाक्य घेतो, उधळणारा दुसरे. दोन्ही एकत्र वाचली तर इसराफची व्याख्या रकमेवर ठरत नाही, असे आम्हाला दिसते. कर्ज काढून, शेजाऱ्याला दाखवण्यासाठी, ताटात अर्धे टाकून केलेली पाचशे रुपयांची मौजही इसराफ आहे. आणि ज्यात जिवाचा, घरच्या बाईचा, वाढणाऱ्या हातांचा आणि समुद्राचा हक दिला गेला, ती पाच हजारांची सहल इसराफ नाही. ज्या संतांचे नाव आमच्या वसाहतीला आहे त्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. व्यवहारी माणसाच्या दृष्टीने तेही पैसा पाण्यात घालणेच होते. लोक मात्र तीनशे-चारशे वर्षांनंतरही त्याची आठवण काढतात, कारण त्या पाण्यात दुसऱ्यांचे ओझे उतरले. पैसा पाण्यात गेला की नाही, हे पाण्याकडे पाहून कळत नाही. कोणाचे ओझे हलके झाले ते पाहून कळते.

त्या दृष्टीने एक हक अजून बाकी राहतो. रस्सा शिजवताना त्यात पाणी थोडे वाढवावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी, अशी पैगंबरांची शिकवण आहे. आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत समुद्र न पाहिलेली मुले आजही आहेत. आमच्या गावची पवना सह्याद्रीत उगम पावते आणि समुद्राकडे पाठ फिरवून मुळा, भीमा, कृष्णा अशी वाट काढीत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेचा समुद्र मात्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. इतक्या जवळ असूनही ज्याच्या घरून तिथवर जाणे होत नाही, असे एखादे पोर प्रत्येकाच्या ओळखीत असते. पुढच्या वेळी गाडी ठरवताना एक जागा जास्तीची धरावी आणि त्याच्या आईला जाऊन विचारावे.